खर्जाची पेटी

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, जवळ आली की मला बरं वाटत नाही. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही, कारण खानदेशातल्या बाईनं आखाजी नको म्हणणं म्हणजे कोकणातल्या माणसानं गणपती नको म्हणण्यासारखं आहे. लोक म्हणतील, म्हातारीला चळ लागला. म्हणून मी दरवर्षी घागर भरते, तिच्यावर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, ठेवते, पितरांना पुरणाचा घास काढते, सगळं रीतीनं करते. आणि दुपारी सगळे जेवून आडवे झाले की ओसरीवर येऊन बसते आणि तापलेल्या रस्त्याकडे बघत राहते. निंबाच्या निंबोळ्या टपटप पडत असतात. झोका बांधायला आता त्या निंबाला धड फांदीही उरलेली नाही.

या वर्षी माझी नात मुक्ता आली आहे. पुण्यात असते, गाणी करते. गाते असं मी म्हणत नाही, ती स्वतःच "करते" म्हणते. तिला एक यंत्र घ्यायचं आहे, त्याला व्होकोडर म्हणतात. म्हणजे काय ते तिनं मला दोनदा समजावून सांगितलं. माणूस माईकमध्ये बोलतो आणि वाद्याचा सूर ते बोलणं आपल्या अंगावर घेतो. शब्द माणसाचे, गळा वाद्याचा. तीन-चार जातींची यंत्रं आहेत म्हणे, त्यांचे नमुने तिच्या कॉम्प्युटरवर वाजतात. कोणतं घ्यावं ते ठरत नव्हतं, म्हणून तिनं कानाला लावायचं ते मला घातलं आणि म्हणाली, "आजी, तू ऐक आणि सांग, यातला कोणता?"

मी ते कानावरून काढून ठेवलं. पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले आणि माठापाशी नुसती उभी राहिले. यातला कोणता, हा प्रश्न मला आयुष्यात एकदा विचारला गेला होता. त्याचं उत्तर मी दिलेलं आहे.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. महाराष्ट्र राज्य नुकतं झालेलं, नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यातच होतं. आमचं गाव तापीच्या काठावर. घर गुजराचं, म्हणजे बापजाद्यांचं मूळ गुजरातेत, पण कितीतरी पिढ्या कपाशी आणि केळी इथल्याच मातीत. घरात मोठ्यांची आपसात वेगळी बोली, गल्लीत अहिराणी आणि शाळेत मास्तरांची मराठी, तिन्ही एकाच दिवसात बोलून व्हायच्या. वैशाखात घरामागं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग उभा असायचा आणि तापीच्या वाळूत डांगराच्या वाड्या. दुपारची झळ केळीच्या पानांना अशी फाडायची की बागेतून चालताना कुणी फडकी फाडत बसल्यासारखा आवाज यायचा.

आणि फुई. माझ्या वडिलांची, आबांची, धाकटी बहीण. नाव सोना. आखाजीला साऱ्या गावच्या लेकी माहेरी येतात, महिनाभर झोके घेतात, गाणी म्हणतात आणि डोळे पुसत परत जातात. ही एका आखाजीला आली ती परत गेलीच नाही, कारण तिकडे नवऱ्यानं दुसरी आणून ठेवली होती. आबांनी दोनदा माणसं पाठवली, तिसऱ्यांदा नाही. फुई राहिली. सकाळी शेण, दुपारी वेचणी, संध्याकाळी भाकरी. भावाच्या घरी राहणाऱ्या बहिणीला काम पुष्कळ असतं, जागा मात्र नसते. तिला जागा होती ती वर्षातून एकच दिवस, आखाजीला, नदीवर.

ते कसं, ते सांगते. आमच्याकडे पोरीबाळी गवराई, म्हणजे गौर, बसवतात आणि आखाजीला ती नदीवर बोळवायला नेतात. तापीच्या पलीकडच्या काठावरही एक गाव आहे, तिथल्या बायाही त्याच वेळी आपली गवराई घेऊन येतात. मग दोन्ही काठांवरून गाण्यातून उखाळ्यापाखाळ्या. तुमच्या गावचं पाणी खारं, तुमचे नवरे आळशी, तुमच्या सुनांना भाकरी थापता येत नाही. तिथल्या तिथं जुळवायचं आणि म्हणायचं. ज्या काठाला उत्तर सुचत नाही, किंवा ज्याचं उत्तर पलीकडे पोचत नाही, तो काठ हरला. पुढच्या आखाजीपर्यंत बाजारात गाठ पडली की टोमणे ऐकायचे.

वैशाखातली तापी म्हणजे मध्ये पाण्याची एक धार आणि बाकी सगळी वाळू. त्या सगळ्यावरून आवाज न्यायचा म्हणजे खेळ नव्हे. आमच्या फुईचा आवाज जायचा. गोड नव्हता तो, लोक उगाच म्हणतात. जाड होता, थोडा खरखरीत, बाईच्या गळ्याला शोभणार नाही इतका खालचा. पण ती तोंड उघडायची आणि पलीकडच्या बाया हसायच्या थांबायच्या. दरवर्षी त्या पहिल्यांदा हाक मारून खात्री करून घ्यायच्या, सोनाबाई आली का? आली म्हटलं की त्यांच्यातच कुजबुज. घरात जिला कुणी दुसऱ्यांदा भाजी वाढायचं नाही, तिचं नाव नदीपलीकडे ठाऊक होतं.

तिच्या गळ्याला गाठ होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या मुलखात तेव्हा निम्म्या बायांना असायची, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण हिची वाढत गेली, घास उतरेना, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. आबा तिला आगगाडीनं सुरतेला घेऊन गेले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. आबांनी जीव मागितला. त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

दिवाळीच्या सुमारास ती परत आली. गळ्यावर आडवी रेघ आणि तोंडातून नुसती हवा. फुंकर घातल्यासारखं काहीतरी यायचं, त्यात शब्द असायचे, पण ते कुणाला कळायचे नाहीत. मला कळायचे. मी तिच्याच कुशीत वाढलेली, तिच्याच शेजारी झोपणारी, तिचे ओठ हलले की मला वाक्य दिसायचं. हळूहळू घरात तशी रीतच पडली. फुई काही बोलली की माझ्याकडे बघायचं. काय म्हनस ती? आणि मी सांगायचे. मीठ संपलं म्हनस. गाय आज दूध चोरी ऱ्हायनी म्हनस. मला त्याचा केवढा तोरा होता! वाण्याकडेही ती मला घेऊन जायची. खरं सांगते, तिचा आवाज गेला याचं मला जे दुःख व्हायला हवं होतं, ते त्या तोऱ्यामुळे निम्मंच झालं.

दुसरंही एक झालं. ती गाईना, तेव्हा जात्यावर मी गाऊ लागले. आया-बाया म्हणू लागल्या, पोरगी अगदी सोनासारखी गाते. तसं नव्हतं. माझा आवाज बारीक, गोड, माजघराच्या बाहेर न जाणारा. पण कौतुक कुणाला कडू लागतं?

आखाजी पंधरा दिवसांवर आली आणि फुईनं जेवण टाकलं. रुसून नव्हे, घास उतरतच नव्हता. आबा तसे अबोल माणूस, पण ते बघत होते. त्या वर्षी कपाशी चांगली पिकली होती. एका सकाळी ते म्हणाले, शहाद्याला जाऊ, सोनाला पेटी घेऊ. पेटी तिच्याऐवजी गाईल. आईनं कपाळाला हात लावला. बाईमाणूस पेटी वाजवणार, तेही नदीवर? पण आबांच्या डोक्यात एकदा आलं की आलं. भजनी मंडळाची पेटी गळ्याबरोबर चालते हे त्यांनी पाहिलं होतं. गळा नसेल तर पेटीनं एकटीनं चालावं, एवढा साधा त्यांचा हिशेब. फुईचे डोळे मात्र कितीतरी दिवसांनी वर झाले.

शहाद्याच्या एस. टी. स्टँडमागच्या गल्लीत करीमचाचांचं दुकान होतं. पेट्या करायचे, दुरुस्त करायचे, लगनसराईत बँडवाल्यांची वाद्यंही नीट करून द्यायचे. मेंदी लावलेली दाढी, बोटांना लाखेचा वास. आबांनी काम सांगितलं. चाचांनी साहजिकच विचारलं, बाई कोणत्या पट्टीत गाते? पट्टी म्हणजे काय, हे आम्हां तिघांनाही ठाऊक नव्हतं. आमच्या बायांनी कधी पट्टी बघून गाणं म्हटलं होतं! पलीकडच्या काठावर पोचतं ती पट्टी. चाचांनी फुईच्या गळ्यावरची रेघ पाहिली. मग दोन पेट्या समोर ठेवल्या.

एक नवी. रंग असा झकास की त्यात तोंड दिसावं, पांढऱ्याशुभ्र पट्ट्या, आत सुरांच्या दोन ओळी. चाचांनी भाता हलवून वाजवली तर दुकानात साखर सांडल्यासारखं झालं. दुसरी लहान, कळकट, भात्याला तीन ठिगळं. कुणा कीर्तनकारानं दुरुस्तीला टाकली होती, तो पुन्हा आलाच नाही. तिच्यात एकच ओळ होती, खर्जाची, म्हणजे खालच्या, जाड सुरांची.

आबांनी नवी पेटी बैल पाहावा तशी पाहिली. उचलून वजन घेतलं, चारी बाजूंनी हात फिरवला, मागं जाऊन भाता वाकून बघितला. दात तेवढे मोजायचे राहिले. फुईनं तिच्यावर बोट ठेवून पाहिलं, दोन-तीन सूर काढले आणि हात मागे घेतला. मग ती लहान पेटीपाशी बसली. एका बोटानं चाचपडत, चुकत, पुन्हा मागे येत, तिनं नदीवरची चाल शोधली. पहिली ओळ पूर्ण लागली आणि मी तिच्या ओठांकडे पाहिलं. ती फुईच होती. तोच जाडपणा, तीच खरखर. शब्द नव्हते, पण शब्दांची जागा तिथं होती. दारात रिकाम्या पिंपावर बसलेला एक हमाल उठून आत डोकावला.

चाचा म्हणाले, "मीठा सूर जवळ पडस, जाडा सूर दूर जास." नदीवर न्यायची तर हीच न्या, भाता मी नवा घालून देतो.

आबांना ते पटेना. बहिणीला द्यायची ती कुणाची टाकलेली, ठिगळाची? गाव काय म्हणेल? आधीच नवऱ्यानं टाकलेली. हे शेवटचं ते बोलले नाहीत, पण आम्हां सगळ्यांना ते ऐकू आलं. बाहेर एस. टी. चा कंडक्टर नवापूर-विसरवाडी म्हणून ओरडत होता. फुईनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले.

"काय म्हनस ती?" आबांनी विचारलं.

तिनं म्हटलं होतं, "हाऊ मन्हा गळा शे." हा माझा गळा आहे. एवढंच. मला ते अगदी स्वच्छ कळलं होतं.

मी म्हणाले, "कोनतीबी चाली म्हनस. तुम्ही म्हनशात ती." कोणतीही चालेल म्हणते, तुम्ही म्हणाल ती.

का म्हणाले? साठ वर्षं मी स्वतःला निरनिराळी उत्तरं देत आले. आबांचा मान राखला. बहिणीला नवं द्यायची त्यांची हौस मोडवेना. हीही कारणं असतील, नाही म्हणत नाही. पण खरं कारण मला त्याच क्षणी ठाऊक होतं. त्या गोड पेटीबरोबर माझा आवाज शोभणार होता. त्या आखाजीला नदीवर शब्द मी म्हणणार होते, पुढे मी उभी राहणार होते. लहान पेटी घरी आली असती तर फुई घरी आली असती आणि मी पुन्हा तिच्या मागच्या ओळीत गेले असते. लग्न ठरलेली, सतरा वर्षांची, जिला कशाचीच कमी नव्हती अशी मी, आणि वर्षातून एकदा जिला जागा मिळते तिची जागा घेतली.

फुईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बघून न बघितल्यासारखं करतात तसंही नाही. माझ्या तोंडून दुसरंच वाक्य निघालेलं तिनं ऐकलं आणि ते मोडायला तिच्याकडे आवाज नव्हता. तिनं लहान पेटीचा भाता दाबून बंद केला आणि त्याची खिटी नीट लावली. दुसऱ्याची वस्तू परत ठेवताना आपण जास्त काळजी घेतो तशी.

आखाजीला नवी पेटी बैलगाडीतून नदीवर गेली. फुईनं पंधरा दिवसांत बोटं बसवली होती. ती खाली वाळूवर बसून वाजवत होती, मी पुढे उभी. आमच्या बाया खूश. किती गोड, किती गोड! मी गायले, घसा ताणून गायले. पण झळ उलटी, आमच्याच तोंडावर येत होती, आणि मला समोर दिसत होतं की पलीकडच्या बाया कानामागं हात लावून उभ्या आहेत. पेटीचा सूर पाण्याच्या धारेपर्यंतही जात नसावा. मग थोडा वेळ तिकडे गलका झाला, आणि एका बाईचा खणखणीत आवाज वाळूवरून आला.

"सोनाबाई कोठे शे वं? मरी गई का?"

त्यात वाईट काही नव्हतं, दरवर्षीचीच थट्टा. पण आमच्या काठावर कुणी हसलं नाही. फुईची बोटं पट्ट्यांवरच थांबली. मी ओरडून सांगितलं की ती इथंच आहे, ही काय बसलीये. दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा आवाज फाटला. पलीकडे पोचलं नाही. त्या बायांनी थोडी वाट पाहिली, आपली गवराई पाण्यात सोडली आणि चढ चढून निघून गेल्या. पुढं त्यांच्या गावात सोनाबाई गेल्याचंच लोक धरून चालले, असं मला पुष्कळ वर्षांनी एका सोयरिकीत कळलं. बाई घरात भाकरी थापत होती तेव्हा.

लहान पेटीचा सूर तरी पोचला असता का? कदाचित नसताही. पेटी ती पेटी, छातीतून येणारा गळा नव्हे. हा विचार करून मला कधीकधी हलकं वाटतं आणि लगेच स्वतःची लाज वाटते. प्रश्न पोचण्याचा नव्हताच. तिनं एक सांगितलं होतं, मी दुसरं सांगितलं.

त्या दिवसानंतर फुईनं मला कधी काही सांगायला सांगितलं नाही. रागावली नाही, अबोला धरला नाही. माझ्या केसांना तेल लावायची, ताटात आधी मला वाढायची. पण काही हवं असलं की बोटानं दाखवायची, टाळी वाजवायची, कोळशानं भिंतीवर खूण करायची. घरच्यांना वाटलं, शिकली बिचारी. आबांनी एकदा सहज विचारलं, आता ती तुझ्याकडून का सांगत नाही? मी म्हटलं, तिला आता खुणा जमतात. तोपर्यंत खोटं बोलायची मला सवय झाली होती.

ज्येष्ठात माझं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी गाडीत सामान चढवलं तर त्यात ती नवी पेटी होती, स्वच्छ पुसलेली, जुन्या लुगड्यात बांधलेली. आबा हसत म्हणाले, बघ, केवढी माया तुझ्यावर, आपली वस्तू दिली तुला. मी फुईच्या पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तिचे ओठ हलतील म्हणून मी वर बघत राहिले. हलले नाहीत.

पुढच्याच वर्षी मी करीमचाचांच्या दुकानात गेले होते, एकटी, नवऱ्यालाही न सांगता. लहान पेटी विकली गेली होती. कुणी नेली ते चाचांना आठवेना, तोरणमाळकडचा कुणी होता एवढंच म्हणाले. फुई आणखी नऊ वर्षं जगली. आबा त्यानंतरही पुष्कळ जगले आणि शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले की मी बहिणीला नवीकोरी पेटी घेतली होती. त्यांना खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. फुईलाही सांगावंसं वाटलं नसावं, नाहीतर कोळशानं तिनं तेही भिंतीवर दाखवलं असतं.

मी माठापासून परत आले. मुक्ता वाटच बघत होती. तिनं पुन्हा ते माझ्या कानाला लावलं आणि एकेक यंत्र ऐकवलं. पहिलं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं. दुसरं गोड, चकचकीत, ऐकताच कुणालाही आवडेल असं. तिसरं खालचं, जाड, थोडं खरखरीत. मी म्हटलं, हे.

"हे जरा फाटकं वाटतं, आजी. लोकांना दुसरं आवडेल."

मी म्हटलं, लोकांचं राहू दे, हे घे. माझा सूर जरा चढला असावा, कारण तिनं चमकून पाहिलं. पोरगी गुणाची. वाद घातला नाही. फुईनं दिलेल्या माझ्याच पेटीचे खालचे सूर तिनं काल भरून घेतले होते, ते त्या यंत्राला जोडले, माईक माझ्या तोंडापाशी धरला आणि म्हणाली, बोल काहीतरी, तुझे शब्द पेटीच्या गळ्यातून येतील.

माझा स्वतःचा आवाज आता गेल्यातच जमा आहे. बारीक, गोड होता तो केव्हाच विरला, उरली ती घरघर. मी माईककडे पाहिलं. बाहेर भर दुपार होती, निंबोळ्या पडत होत्या, घागरीवरचं डांगर उन्हानं पिकून घरभर वास सुटला होता. त्या घागरीत पाणी पितरांसाठी असतं. आबांसाठी आणि फुईसाठीही.

मी म्हणाले, "आबा, फुई म्हनस, हाऊ मन्हा गळा शे."

यंत्रातून ते परत आलं. जाड, खरखरीत, सावकाश. मुक्तानं ते पुन्हा लावलं, पुन्हा एकदा लावलं, तिला फार आवडलं. मग माझ्याकडे बघून तिचा हात थांबला. तिनं विचारलं, कुणाचं वाक्य आहे गं हे?

मी म्हटलं, माझं नाही. माझ्याकडे सांगायला दिलं होतं.